स्वागताध्यक्षांचे भाषण

रात्रीच्या गाडीने मलकापूरला उतरून राजूर घाटाची वळणे घेत इथवर आलेल्या बंधू-भगिनींनो,

पोलिसांच्या उत्तरदायित्वावरची परिषद आमच्या चिखलीत भरते आहे. रेणुकामातेच्या या गावात समस्त चिखलीकरांच्या वतीने मी आपले स्वागत करतो.

बुलढाणा जिल्हा म्हटले की जिजाऊंचे सिंदखेडराजा, लोणारचे सरोवर, शेगावचे गजानन महाराज. वेळ काढून ही ठिकाणे जरूर पाहा. पण चिखलीच्या माणसाला आणखी एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते नाव पंढरीनाथ सीताराम पाटील.

सत्यशोधक चळवळीतले हे पाटील. त्यांनी लिहिलेले महात्मा फुल्यांचे चरित्र 1927 साली निघाले. फुल्यांना जाऊन तेव्हा 37 वर्षे झाली होती, आणि धनंजय कीरांनी लिहिलेले फुल्यांचे चरित्र यायला आणखी 37 वर्षे होती. एवढे मोठे काम पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, वऱ्हाडातल्या आमच्या गावी झाले. जुन्या संदर्भसूचीत त्या पुस्तकापुढे प्रकाशनस्थळ म्हणून ‘चिखली’ छापलेले दिसते, तेव्हा ऊर भरून येतो. आज आमच्या शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक नाही, ही खंत मी आपल्यापुढे मांडतो. पाटलांचे यथोचित स्मारक गावात व्हावे, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आजच्या विषयाशी पाटलांचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्यांनी ज्यांचे चरित्र लिहिले, त्या फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी कामगार गरीब शेतकऱ्याला कसे नाडतात, ते परखडपणे मांडले. ठाण्यात तक्रार द्यायला गेलेला माणूस आजही तसाच दाराशी ताटकळतो. ठाणे अंमलदार ‘साहेब आल्यावर या’ म्हणतो आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते.

आमच्या विदर्भाने तर याहून भयंकर पाहिले आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले, तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देश ढवळून निघाला आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

पुढे प्रकाश सिंह या पोलीस दलातूनच निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांच्या याचिकेवर 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल लागला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असावे, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, मात्र जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. म्हणजे आमच्या माणसाचे प्राधिकरण अमरावतीचे! चिखलीहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या पुढे. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून, वकील करून तिथे कोण जाणार? बुलढाण्याला जिल्हा प्राधिकरण हवे, एवढा एक ठराव या परिषदेने करावा, ही माझी कळकळीची विनंती. बंदोबस्तात रात्र-रात्र उभ्या राहणाऱ्या प्रामाणिक शिपायालाही त्याचा आधारच होईल. खोटी तक्रारही जिल्ह्यातच उघडी पडेल.

आता व्यवस्थेविषयी. काही पाहुण्यांची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली. सगळ्यांना खाटा पुरल्या नाहीत, गाद्या जमिनीवर घातल्या आहेत. पहाटे गरम पाणी उशिरा आले. मंडपात मागच्या बाजूला आवाज नीट पोचत नाही, माणसे कामाला लागली आहेत. या सर्व उणिवांबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो.

बाजार समितीतल्या अडत्यांनी धान्य दिले, हमाल बांधवांनी मजुरी न घेता मंडप उभारला, महिला बचत गटांनी भाकरी आणि ठेच्याची जबाबदारी उचलली, शिक्षकांनी रात्र जागून नोंदणी पाहिली, भांडी आणि सतरंज्या मंगल कार्यालयाने विनामूल्य दिल्या. नाव छापू नका म्हणणाऱ्या दात्यांचेही मी मनःपूर्वक आभार मानतो.

जेवण साडेबाराला आहे. उद्या परतणाऱ्यांसाठी मलकापूर स्टेशनची गाडी सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून निघेल. नावे आज संध्याकाळपर्यंत नोंदणी कक्षात द्यावीत. अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी विनंती करतो.