चिकण माती आणि तिची पारख



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अध्यात्म असे विषय यावेत हे रीतीला धरून आहे. आम्ही मातीवर बोलणार हे कळल्यावर मात्र एका मित्राने विचारले, की मातीवर तासभर बोलण्याजोगे असते तरी काय? आमचे आयुष्य मातीकाम करणाऱ्या मजुरांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण थोडे वाचनालयात झाले आणि बरेचसे कामावर. त्या दोन्ही ठिकाणी जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. आमचे म्हणणे एवढेच, की माती ओळखणे हे एक कौशल्य आहे. आणि ते ज्यांच्या बोटांत आहे त्यांची नावे आपण हजेरीपटावर ‘अकुशल’ या सदराखाली लिहितो.

प्रथम चिकण माती म्हणजे काय ते पाहू. घरी गेल्यावर एका काचेच्या बाटलीत मूठभर माती टाका, पाणी भरा, जोराने हलवा आणि बाटली स्थिर ठेवा. वाळू बघता बघता तळाला जाते. वाळूचा अगदी बारीक कणही दहा सेंटिमीटर खाली उतरायला पाऊण मिनिटाच्या आसपासच वेळ घेतो. चिकण मातीचा कण मात्र दोन सहस्रांश मिलिमीटरहून लहान असतो. तेवढेच अंतर उतरायला त्याला सुमारे आठ तास लागतात. यावरून एक गोष्ट उघड होते. वाहत्या पाण्यात चिकण माती खाली बसत नाही. तिला निवांत पाणी लागते. म्हणून तिचे मोठे साठे तळ्यांच्या नि सरोवरांच्या तळाशी होतात.

सरोवरे आटतात, त्यांची पातळी खाली जाते, आणि जुना तळ पायऱ्यांसारखा उघडा पडतो. काश्मीरच्या खोऱ्यात प्राचीन काळी मोठे सरोवर होते. त्याच्या गाळाचे जे उंच सपाट टप्पे उरले त्यांना तेथे करेवा म्हणतात, आणि पांपूरचे प्रसिद्ध केशर या करेव्यांवर पिकते. उत्तर अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीस ॲगॅसी नावाचे असेच प्रचंड सरोवर होते. त्याच्या तळाच्या मातीवर आज गव्हाची शेते आहेत. पण त्याच मातीवर, विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे, 1913 साली एक भलेमोठे धान्याचे कोठार उभे केले. ते भरत आले आणि एका दिवसाच्या आत कलंडले. पीक देणारी माती भार पेलतेच असे नाही. आपल्या तिलारीच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात उतरू लागले की काठावर जो गुळगुळीत, पाय रुतणारा चिखल दिसतो, तो याच घटनेचा लहानसा नमुना होय.

आता दुसरी गोष्ट. ‘चिकण माती’ हा शब्द एक असला तरी तिच्या जाती निराळ्या आहेत. घाटावर सोलापूरकडची काळी माती घ्या. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे पापुद्रे इतके पातळ, की एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे सुटे करून मांडले तर आठशे चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ गुंठे जागा व्यापतील! पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी जाते आणि जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याने शतकानुशतके खडकातील क्षार आणि सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि जांभा झाला. या जांभ्याच्या मुलखातील चिकण मातीत केओलिनाइट हे खनिज मुख्य असते. त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठ दहा-वीस चौरस मीटरच, म्हणजे एका खोलीएवढे. ती फारशी फुगत नाही, भेगाळत नाही. पण खताचे अंशही ती फार काळ धरून ठेवत नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्याने खत एकदम न देता थोडे थोडे, दोनतीनदा द्यावे आणि पालापाचोळा, शेणखत यांची जोड सोडू नये.

सड्यावरचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून खाली मुरते. वाटेत चिकण थर लागला की त्याला पुढे जाता येत नाही, आणि ते डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडते. आपली किती तरी कुळागरे अशा झऱ्यांवर उभी आहेत. भातलावणीपूर्वी आपण चिखलणी करतो तीही याचसाठी: मातीची छिद्रे बुजावीत आणि मळ्यात पाणी उभे राहावे. एक थर निसर्गाने घातलेला, दुसरा बैलाच्या खुरांनी, तत्त्व एकच.

कुंभाराचे काम याहून निराळे. ओली माती देईल तो आकार घेते आणि सोडत नाही. गणपतीच्या शाळेत बसणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको. पण पाण्यात टाकली की ती मूर्ती पुन्हा माती होते, आणि भट्टीतले मडके होत नाही. असे का? केओलिनाइटच्या घडणीतच बांधलेले पाणी असते. पाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या सुमारास ते निघून जाते. मग माती पुन्हा पूर्ववत होत नाही. याच गुणावर मंगळुरी कौलांचा धंदा उभा राहिला. बासेल मिशनने मंगळुरात 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि तेथील कौल कोकणच्या घराघरावर चढले. त्यापूर्वी आपले कुंभार चाकावर नळे घडवीत होतेच.

आता मातीच्या धरणाकडे वळू. अशा धरणाच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. कामावर त्याला ‘हार्टिंग’ म्हणतात. बाहेरचा मुरमाचा भराव धरणाला तोलून धरतो, आणि गाभा पाणी अडवतो. ही माती पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी घालून दाबावी लागते. कोरडी असेल तर ढेकळे राहतात, फार ओली असेल तर ती रुळाखाली नुसती सरकते. त्यांच्यामधला नेमका ओलावा कसा शोधावा, हे प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 1933 साली शास्त्रशुद्ध मांडले. त्याआधी, 1911 साली, ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनज्ञाने मातीच्या लवचिकपणाची कसोटी दिली होती. आज प्रयोगशाळेत ओल्या मातीची वळी तीन मिलिमीटर जाडीपर्यंत वळतात आणि ती कोठे तुटते ते पाहतात. श्रोतेहो, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. कारण तळहातावर मातीची वळी वळून पाहणाऱ्या बाया आम्ही कामावर रोज पाहत होतो.

एका कालव्याच्या भरावावरची गोष्ट सांगतो. माती टाकली जात असताना एका वयस्क बाईने चिमूटभर उचलली, वळी केली, ती तुटली. ती म्हणाली, ‘‘ह्या मातयेत पाणी रवाचा नाय.’’ मुकादम हसला आणि काम पुढे चालू राहिले. पुढल्या पावसाळ्यात त्या तुकड्यातून पाणी झिरपू लागले. भराव उकरून दुसरी माती घालावी लागली. ते कामही त्याच बाईने केले, आणि दर पूर्वीचाच, अकुशलाचा.

पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला थोडाफार असतो. तो स्वच्छ असेल तर एकदम घाबरण्याचे कारण नाही. तो गढूळ येऊ लागला तर समजावे, की पाणी आतली माती घेऊन बाहेर पडते आहे आणि बांध पोटातून झिजतो आहे. ही खूण ओळखायला पदवी लागत नाही. रोज पाहणारा डोळा लागतो. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि वीसाच्या आसपास माणसे प्राणास मुकली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले होते. उलट मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव पाहा. तो विजयनगरच्या काळात, 1530 साली बांधला गेल्याचे सांगतात. आजही त्यात पाणी आहे, आणि 2020 साली त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. तो बांध घालणाऱ्या मजुरांची नावे कोणाला ठाऊक नाहीत; त्यांची पारख मात्र बांधात शिल्लक आहे.

मजुरीचे म्हणाल तर मातीची जात कामगाराच्या ताटापर्यंत पोचते. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली तेव्हापासून आम्ही जुन्या कार्यकर्त्यांकडून ऐकत आलो, आणि पुढे स्वतः पाहिले, की मोजमापावर मजुरी असली म्हणजे मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम असे दर वेगळे पडतात. ओली चिकण माती दिसायला मऊ. पण ती फावडे सोडत नाही, घमेल्याच्या तळाला चिकटून राहते, आणि वजनाला दुणावते असे उचलणाऱ्या मानेला वाटते. वहीत ‘मऊ’ असे दोन अक्षरी लिहिले, की संध्याकाळी हातात पडणारे पैसे कमी होतात.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मातीची जात मजुरांच्या समक्ष ठरावी आणि खड्ड्याचे मापही त्यांच्यासमोर घ्यावे. मातीची पारख असणाऱ्याला, मग ती बाई असो की पुरुष, कुशल कामगाराचा दर मिळावा. आणि धरणाखालच्या, कालव्याकाठच्या प्रत्येक गावात पाझराची एक वही असावी. कोणत्या दिवशी, कोठे, स्वच्छ की गढूळ, एवढेच तिच्यात लिहावे, आणि ती वाचणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक असावे. आपल्या तालुक्यात तिलारीचे कालवे फुटल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. शेतात कालव्याचे पाणी शिरल्यावर मळ्यातली सुपीक माती वाहून जाते आणि वर वाळू-दगड येऊन बसतात. ते नुकसान भरून यायला एक हंगाम पुरत नाही.

आपण शहाणी, वाचणारी मंडळी येथे जमला आहात. मजुराची तक्रार कचेरीत ऐकली जात नाही, तीच आपल्यापैकी कोणी सोबत गेले तर ऐकली जाते, हा आमचा अनुभव आहे. पावसाळ्याला अजून अवधी आहे. आपल्या गावाजवळच्या बांधावर एकदा चालून या, तेथे राबणाऱ्याला विचारा, आणि तो काय सांगतो ते लिहून घ्या. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.