दोन सेकंदांचे अंतर



२४ सप्टेंबर २०२१ रोजी बेल्जियममधील लूवेन शहरात तेवीस वर्षांखालील सायकलपटूंची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. अँटवर्पहून निघालेल्या सुमारे १६० किलोमीटरच्या या शर्यतीत इटलीचा फिलिप्पो बारोन्चिनी पहिला आला. त्याच्यामागून दोन सेकंदांनी आलेल्या घोळक्याच्या अग्रभागी एरिट्रियाचा बिनियम गिरमाय होता. वय वर्षे एकवीस. रस्त्यावरील सायकलशर्यतीच्या जागतिक स्पर्धेत पदक मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी होय.

या पदकाचे कौतुक झाले ते योग्यच झाले. परंतु त्यामागचा इतिहास पाहिल्याखेरीज त्याचे खरे मोल कळणार नाही.

एरिट्रियात सायकल आली ती इटालियन राज्यकर्त्यांबरोबर. १८९० मध्ये हा मुलूख इटलीची वसाहत झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवरील अस्मारा शहरात गोऱ्यांच्या शर्यती होऊ लागल्या. त्यांत एतद्देशीयांना मज्जाव होता. १९३९ मध्ये प्रथमच दोघांना एकत्र उतरविण्यात आले आणि गेब्रेमरियम गेब्रू या एरिट्रियन सायकलपटूने ती शर्यत जिंकली. वंशश्रेष्ठत्वाचा दावा राज्यकर्त्यांनीच आखलेल्या रस्त्यावर खोटा ठरला. पुढे १९४१ मध्ये इटलीची सत्ता गेली. ती उलथविणाऱ्या केरेनच्या लढाईत आपल्या मराठा पलटणीचे शिपाईही होते.

अशा अस्मारात एका सुताराच्या घरी २००० साली गिरमायचा जन्म झाला. स्वित्झर्लंडमधील एगल येथे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचे केंद्र आहे. २०१८ मध्ये तेथे त्याला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी बेल्जियममधील कुमारांच्या एका शर्यतीत त्याने रेम्को एव्हनपूलला मागे टाकले. हाच एव्हनपूल पुढे कुमारांचा जगज्जेता झाला. म्हणजे बळ तुल्यबळ होते. फरक इतकाच की, एकाला शर्यत घरच्या अंगणात मिळत होती आणि दुसऱ्याला ती खंड ओलांडून गाठावी लागत होती.

तेवीस वर्षांखालील गट हा या खेळाचा उंबरठा आहे. तो ओलांडायचा तर युरोपातील शर्यतींत उतरावे लागते, शर्यतीत उतरायला संघ लागतो आणि युरोपात पाऊल ठेवायला व्हिसा लागतो. पायांतील ताकदीची परीक्षा होण्यापूर्वीच कागदपत्रांची परीक्षा होते, आणि तीत कित्येक होतकरू मुले बाद होतात. करार मिळाला तरी स्थैर्य मिळतेच असे नाही. गिरमायचा पहिला व्यावसायिक संघ २०२१ मध्ये आर्थिक अडचणीत सापडला. हंगामाच्या मध्यावर त्याला दुसऱ्या संघाकडे जावे लागले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याने लूवेनचे पदक मिळविले. कारखाना डबघाईला आला म्हणजे कामगाराची जी अवस्था होते, तीच या खेळाडूंचीही होते.

मात्र सारा दोष युरोपच्या माथी मारून चालणार नाही. १९९३ मध्ये स्वतंत्र झालेल्या एरिट्रियात आजवर राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. सक्तीच्या राष्ट्रसेवेला मुदत नाही, आणि तिला कंटाळून हजारो तरुणांनी देश सोडला आहे. परकी सत्ता गेली एवढ्याने माणूस मोकळा होत नाही, हे कटू सत्य समाजवाद्यांनी तरी नजरेआड करू नये.

१ जुलै २०२४ रोजी गिरमायने टूर द फ्रान्समधील एक टप्पा जिंकला. टूरमध्ये टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. तो टप्पा संपला इटलीतील तुरीन शहरात! त्याच टूरमध्ये त्याने आणखी दोन टप्पे आणि हिरवी जर्सीही पटकावली. २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच आफ्रिकेत, रवांडाच्या किगाली शहरात भरली. दार किलकिले झाले आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण किलकिल्या दारातून एकटादुकटाच आत जातो. त्याचा पराक्रम दाखवून “बघा, वाट खुली आहे” असे सांगितले जाते, आणि बाहेर थांबलेल्यांचा प्रश्न तेथेच मिटविला जातो. अस्माराच्या चढावर आजही मुले सायकली हाकत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना शर्यतीच्या प्रारंभरेषेपर्यंत पोहोचता येते, याच मापाने समतेचा हिशेब केला पाहिजे. लूवेनचे दोन सेकंद गिरमायने पुढे स्वतःच्या बळावर भरून काढले. प्रारंभरेषेपर्यंतचे अंतर मात्र कोणाही एकट्याच्या बळावर तुटणारे नाही.