आधी कोण हललं?



मी एका आलेखाबद्दल बोलणार आहे. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक तळावर बर्फात साडेतीन किलोमीटरहून खोल भोक पाडलं गेलं आणि १९९९ साली त्यातून सव्वाचार लाख वर्षांचा लेखाजोखा छापून आला. एक रेषा तापमानाची, दुसरी बर्फातल्या बुडबुड्यांत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडची. दोन्ही जोडीनं चढतात, जोडीनं उतरतात.

हा आलेख मी वर्गात ऐटीत दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पण आधी कोण हललं?” माझी बोलती बंद.

प्रश्न चोख होता. पडलेलं हिम बराच काळ भुसभुशीत राहतं, त्यातून हवा खेळत असते. व्होस्टोकला हिम इतकं थोडं पडतं, की छिद्रं मिटायला हजारो वर्षं जातात. म्हणजे बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फापेक्षा वयानं लहान. तापमान कळतं बर्फावरून, वायूचं प्रमाण बुडबुड्यावरून, आणि दोघांच्या जन्मतारखा वेगळ्या! सुरुवातीच्या हिशेबांत तापमान काही शतकं पुढे दिसलं. पुढच्या कामात ते अंतर बरंच घटलं.

बरं, तापमान आधी चढलं असं धरू. म्हणून वायू निर्दोष सुटला का? पृथ्वीच्या कक्षेत फरक पडतो, हिमयुग ओसरू लागतं, समुद्र तापतो आणि कोमट सोड्यासारखा वायू सोडतो. तो वायू मग उष्णता आणखी अडवतो. इथे कार्य उलटून कारण होतं.

वायू उष्णता अडवतो हे मुळात या आलेखावरून कळलेलंच नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट यांनी तो काचेच्या नळकांड्यात भरून उन्हात ठेवला होता; १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी नळीत भरलेले वायू किती उष्णता शोषतात ते मोजायला घेतलं. बर्फाची साक्ष शंभराहून जास्त वर्षांनी आली. आम्ही शिक्षक मात्र टिंडल यांची नळी सोडून आलेखच नाचवतो. दिसायला देखणा ना!

या खेपेला, म्हणजे आजच्या तापमानवाढीत, सुरुवात वायूनं केली आहे. कारखान्यांच्या युगाआधी तो हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर. तो समुद्रातून आला म्हणावं, तर समुद्र उलट शोषतोच आहे. शिवाय कोळशात रेडिओकार्बन, म्हणजे काळाबरोबर विझत जाणारा किरणोत्सारी कार्बन, उरलेला नसतो; कोळसा जाळला की हवेतला रेडिओकार्बन विरळ होतो. हान्स स्यूस यांना १९५० च्या दशकातच झाडांच्या वर्तुळांत ही भेसळ सापडली होती.

आता राहिलेलं काम. हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल? १९७९ सालचं उत्तर होतं दीड ते साडेचार अंश. २०२१ सालचं, अडीच ते चार. बेचाळीस वर्षांत तीन अंशांची फट दीडवर आली. उरलेल्या दीड अंशाचा मोठा वाटा ढगांत अडकलाय, आणि आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काही जण सोमवारपासून तिथेच रुजू होताहेत.