भुताचं पाहिजे की खुनाचं?



खान्देशातल्या पहूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघणारा माणूस एकेकाळी हटकून पुस्तकांच्या टपरीकडे वळायचा. टपरीवाल्याला लेखकांशी घेणंदेणं नसे. तो एवढंच विचारायचा, "भाऊ, भुताचं पाहिजे की खुनाचं?" की झाला सौदा.

हे वर्म जाणत्या मंडळींनी फार पूर्वी ओळखलं होतं. अनंत अंतरकरांनी 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' अशी तीन निराळी मासिकं चालवली. अद्भुताची आवड असणारा थेट 'नवल' उचलायचा. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकावर 'झुंजार' किंवा 'काळापहाड' दिसला की आत काय आहे ते वेगळं सांगावं लागत नसे. जयंत नारळीकरांनी तर 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नाव झाकलं तरी बिघडलं नाही. स्पर्धाच विज्ञानकथेची होती.

आता आपल्या खान्देशातले हौशी लेखक बघा. पदरमोड करून तीन-पाचशे प्रती छापतात आणि मुखपृष्ठावर घालतात 'सामाजिक कादंबरी'. शब्द भारदस्त ना! आत मात्र जिनिंगमध्ये रात्री बाई रडते. भुताची आवड असलेला वाचक ते पुस्तक हातात घेत नाही, आणि सामाजिक वाचणारा तिसऱ्या प्रकरणात मिटून ठेवतो.

डिसेंबर 2016 पासून किंडलवर, म्हणजे ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली. तिथे टपरीवाला नाही, त्याचा प्रश्न लेखकानंच स्वतःला विचारायचा. पुस्तक चढवताना सध्या तीन वर्ग निवडता येतात आणि शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात. प्रत्येक वर्गाची खपाची यादी वेगळी. मोठ्या वर्गात पुस्तक गर्दीत हरवतं. अगदी लहान वर्गात चार प्रतींवर पहिला नंबर लागतो खरा, पण त्या गल्लीत गिऱ्हाईकच फिरकत नाही.

खरी अडचण आणखी वेगळी आहे. हे वर्ग इंग्रजी वळणाचे. त्यांच्या 'मिस्टरी'त शेवटी गुन्हेगार सापडावाच लागतो. आपली गूढकथा, रत्नाकर मतकरींची आठवा, शेवटीही उकलत नाही. तीच तर तिची गोडी. ती 'मिस्टरी'त टाकली, तर खुनी शोधायला आलेला वाचक चिडून एक तारा देऊन जातो. पुस्तक वाईट नसतं, चुकीच्या फलाटावर उभं असतं.

समजा, पहूरच्याच कुणी आपल्या पीजेवर कादंबरी लिहिली. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी. ती 2020 पासून बंद, पण कादंबरीत मध्यरात्री स्टेशनात तिची शिट्टी ऐकू येते, आणि माणसं अहिराणीत बोलतात. मी त्याला सांगेन, पहिला वर्ग भयकथेचा घे, दुसरा भुताखेतांचा. शोधशब्दांत 'खान्देश', 'अहिराणी', 'रेल्वे' घाल, कारण जळगाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेला आपला माणूस याच शब्दांनी शोधणार. तो म्हणेल, गार्डाचं एक प्रेमप्रकरण पण आहे, तिसरा वर्ग प्रेमकथेचा घेऊ का? प्रेमकथा जास्त खपतात.

नको रे भाऊ. तिसरी जागा रिकामी राहू दे.