पणजीचं नाव



नगरहून संभाजीनगरकडे जाताना घोडेगाव लागतं. कांद्याचे लिलाव आणि शिंगणापूरला वळणारा रस्ता, ह्या दोन गोष्टींमुळे हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असतं. मी ह्याच परिसरातला, कॅथलिक घरातला. आमच्या घरात एक प्रश्न तीन पिढ्या मुक्कामाला आहे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या आईनं घेतला नाही. तिचा कशाला विरोध नव्हता. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघालेल्या नातवंडांच्या डोक्याला तेल लावून द्यायची आणि स्वतः आपल्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी विचारलं, "पणजी आता कुठं असेल?" शिकवणारे गृहस्थ मायाळू होते. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, बाळा." त्या रात्री मी जेवलो नाही.

ह्याच प्रश्नानं रडलेली माणसं माझ्या आधीही होऊन गेली. संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचा देह जुन्या गोव्यात आहे, जपानहून परतल्यावर १५५२ साली कोचीनहून एक पत्र लिहितात. जपानमधले नवे ख्रिस्ती त्यांना विचारत, आमच्या वाडवडिलांचं काय? त्यांच्यासाठी आता काहीच करता येत नाही, असं उत्तर मिळे, आणि ती माणसं ढसाढसा रडत. ते रडणं पाहून आपल्यालाही दुःख होतं, असं झेवियर लिहितात. त्या काळची शिकवण त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. पण ते दुःख त्यांनी पत्रातून गाळलं नाही, ह्यासाठी मला ते फार जवळचे वाटतात.

मग "ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही" हे वाक्य मुळात कुणाला उद्देशून होतं? तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन ह्यांनी ते लिहिलं. ख्रिस्तसभेत फूट पडत होती, काही जण वेगळी चूल मांडत होते. घर सोडून निघालेल्या भावांना दिलेली ती ताकीद होती. ज्यांनी ते घर कधी पाहिलंच नाही, त्यांच्याविषयी तिथं बोलणं चाललेलं नव्हतं. पुढे १३०२ साली पोप आठवे बोनिफेस ह्यांनी जाहीर केलं की तारणासाठी प्रत्येक माणसानं रोमच्या पोपच्या अधीन असणं आवश्यक आहे. त्यामागे फ्रान्सच्या राजाशी चाललेलं सत्तेचं भांडण होतं. त्याच्या बारा वर्षं आधी, १२९० मध्ये, आमच्या तालुक्याच्या गावी, नेवाशाला, ज्ञानेश्वरी पुरी झाली होती आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी साऱ्या जीवमात्रांसाठी मागणं मागितलं होतं. रोमला नेवासं ठाऊक नव्हतं, नेवाशाला रोम. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनं तर यहुदी आणि मूर्तिपूजक ह्यांचा तारणाबाहेरचे म्हणून नाव घेऊन उल्लेख केला. हे सगळं कठोर आहे आणि ते झाकून ठेवावं असं मला वाटत नाही.

पण दुसरा प्रवाहही ख्रिस्तसभेच्याच पोटात वाहत होता. बाप्तिस्म्याची नुसती इच्छाही मोलाची, हे ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये मान्य केलं. ज्याला सत्य कळण्याचा मार्गच नव्हता, त्याच्या अज्ञानाचा दोष त्याच्यावर येत नाही, असं पोप नववे पायस ह्यांनी १८६३ मध्ये लिहिलं. मग अमेरिकेत, बॉस्टनला, फादर लिओनार्ड फीनी जुनं वाक्य अगदी शब्दशः धरून बसले: बाहेरचा एकही वाचणार नाही. १९४९ साली रोमनं पत्र पाठवून कळवलं की हा अर्थ बरोबर नाही. बोलावणं येऊनही ते रोमला गेले नाहीत, आणि १९५३ मध्ये ख्रिस्तसभेनं त्यांनाच बहिष्कृत केलं. (१९७२ मध्ये त्यांना परत घेतलं गेलं, हेही सांगितलं पाहिजे.)

त्यानंतरची गोष्ट मुंबईत येऊन पोचते. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ख्रिस्तसभेविषयीचा आपला मोठा दस्तऐवज मंजूर केला. आपला काही दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनानं देवाचा शोध घेतात आणि आपल्या सदसद्विवेकाला उमगेल तसं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बरोबर अकरा दिवसांनी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, असत्याकडून सत्याकडे ने म्हणणारी. मला इथं थांबावंसं वाटतं. आमच्या पूर्वजांचं मागणं रोमच्या धर्मगुरूंच्या तोंडून, आपल्याच मुंबईत.

वाद तिथं मिटला नाही. मूळचे बेल्जियमचे फादर जाक द्युप्वी छत्तीस वर्षं भारतात राहिले. दुसरे धर्मही देवाच्याच योजनेत असतील का, ह्यावर त्यांनी १९९७ मध्ये ग्रंथ लिहिला. २००१ मध्ये रोमनं त्यातल्या संदिग्ध जागा दाखवल्या. त्याच्या आदल्याच वर्षी रोमनं बजावलं होतं की बाहेरच्यांनाही कृपा लाभते, पण सगळे धर्म सारखेच असं म्हणता येणार नाही. मीही तसं म्हणत नाही. "सगळं एकच" म्हणून हात झटकले की झेवियरांच्या पत्रातल्या त्या अश्रूंना उत्तर मिळत नाही. तारण ख्रिस्ताकडूनच येतं, ही माझी श्रद्धा. ते कुणापर्यंत पोचतं हे मोजायला मला कुणी नेमलेलं नाही, हीही श्रद्धाच.

आमच्याकडे "तारण" हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो, चर्चमध्ये आणि सोसायटीत. सोसायटीत कर्ज हवं तर काहीतरी तारण ठेवावं लागतं. चर्चमध्ये शिकवतात की देवाची कृपा फुकट आहे, तिला काही गहाण ठेवावं लागत नाही. मग पणजीकडेच कागद का मागायचे?

दर सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. नवस बोलायला सगळ्या जातिधर्मांच्या बाया येतात. मेणबत्ती घेताना तिथं कुणी कुणाला बाप्तिस्मा विचारत नाही. पण दुसरी व्हॅटिकन परिषद होऊन साठ वर्षं उलटली तरी आमच्या वस्त्यांवर मयतीच्या घरी तो जुना प्रश्न अजून कुजबुजला जातो, आणि त्याला जुनंच उत्तर दिलं जातं. ह्याचं मला दुःख आहे.

२ नोव्हेंबर हा आमचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. मिस्सेआधी घरोघरची नावं चिठ्ठीवर लिहून देतात. गेल्या वर्षी आईनं चिठ्ठी लिहिली. आजोबांचं नाव, आजीचं नाव, आणि मग थोडं थांबून खाली पणजीचं. मी विचारलं, "चालेल का?" ती म्हणाली, "तू दे तर खरं." फादरांनी चिठ्ठी घेतली, वेदीवर ठेवली आणि पाळी आली तशी सगळी नावं वाचली. तिचंही.