हिवाळ्यातली छोटी रपेट

मोटारसायकलवरची रपेट बाराही महिने करता येते, पण महाराष्ट्राच्या पठारावर तिचा खरा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा. उन्हाळ्यात हेल्मेटच्या आत डोके उकडून निघते आणि पावसाळ्यात खड्ड्यांवरून नजर हलवता येत नाही. हिवाळ्यात रस्ता कोरडा असतो, शेते रब्बीच्या पिकांनी भरलेली असतात आणि अंगावरचे ऊन हवेहवेसे वाटते. मात्र ही रपेट छोटी हवी. गार वाऱ्यात सलग बसून राहिले की बोटे बधिर होतात, मग रस्त्यावरचे लक्ष कमी होऊन सगळे मन घड्याळात आणि पुढच्या चहाच्या टपरीत अडकते. जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर, वाटेत दोन थांबे आणि दुपारच्या जेवणाला घरी, एवढा बेत पुरे. त्याहून लांब जाण्यात पराक्रम असेल, मजा मात्र फारशी उरत नाही.

अशा रपेटीसाठी नाशिक ते नांदूर मधमेश्वर हा रस्ता उदाहरण म्हणून घेण्याजोगा आहे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने पूर्वेला निघाले की ओढा आणि पुढे चांदोरी लागते. तिथे मोठा रस्ता सोडून गोदावरीचा पूल ओलांडला की सायखेडा. पुढे करंजगाव, मांजरगाव, चापडगाव या गावांच्या शिवारातून रस्ते नांदूर मधमेश्वरच्या धरणाच्या फुगवट्याकडे जातात. परतीला निफाड गाठून पुन्हा मोठ्या रस्त्याला लागता येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये याच निफाडचा. हल्ली मात्र हिवाळा आला की निफाडचे नाव वर्तमानपत्रात येते ते पाऱ्यामुळे. कडाक्याच्या थंडीत इथले तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते.

ही थंडी सगळीकडे सारखी नसते, आणि ते कळायला मोटारसायकलसारखे वाहन नाही. निरभ्र रात्री जमिनीतली उष्णता आकाशाकडे निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होते आणि गार हवा जड असल्यामुळे ती नदीच्या पात्रात, ओढ्यांच्या घळीत उतरून साचते. म्हणून सकाळी सायखेड्याच्या पुलाकडे उतरताना गुडघ्यांना एकदम गारवा झोंबतो आणि पलीकडे चढण लागली की चेहऱ्यावरची हवा मऊ होते. रात्री पाणी भरलेल्या गव्हाच्या शेताजवळून जाताना पुन्हा तसाच गार झोत अंगावर येतो. मोटारीत काचा बंद करून बसलेल्याला यातले काही समजत नाही. वासांचेही तेच. कांद्याच्या रोपांचा उग्र दर्प, कोथिंबिरीच्या वाफ्याचा वास, जळत्या पाचटाचा धूर, हे एकामागून एक येतात आणि मागे पडतात. ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वेगात प्रत्येक वास नाकाला ओळखता येतो. सत्तरच्या पुढे गेले की हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा घोंगाट तेवढा उरतो.

द्राक्षबागांपाशी तर थांबलेच पाहिजे. ऑक्टोबरात छाटलेल्या वेलींवर या दिवसांत घड भरत असतात आणि थंडीची सगळ्यात जास्त धास्ती बागायतदारालाच असते. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरू लागलेले मणी तडकतात. म्हणून पहाटे ठिबक सुरू करून विहिरीचे त्या मानाने कोमट पाणी मुळांना दिले जाते, बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करून धूर आणि ऊब धरली जाते. जानेवारीत काही बागांमध्ये एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला दिसतो. हिरव्या द्राक्षाच्या मण्यांवर थंडीने गुलाबी छटा आली की निर्यातीचा माल नाकारला जातो, त्यावरचा हा उपाय. बांधावर गाडी उभी करून हे पाहावे, विचारले तर माहितीही आपुलकीने मिळते. मात्र बागेत शिरायचे ते परवानगी घेऊनच, आणि फवारणी चालू असेल तर मुळीच नाही.

नांदूर मधमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला बंधारा आहे. वर्षानुवर्षे गाळ साचून त्याच्या फुगवट्यात उथळ पाणी, पाणवनस्पती आणि बेटे तयार झाली, आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची सोय झाली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. रामसर या पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. चक्रवाक, थापट्या, चमच्या, जांभळी पाणकोंबडी हे पक्षी निरीक्षण मनोऱ्यावरून साध्या दुर्बिणीनेही नीट दिसतात. गाडी लांबच बंद करावी आणि उरलेले अंतर चालत जावे. फटफट आवाज करणारे बदललेले सायलेन्सर लावून इथे येण्यात काही अर्थ नाही. थवा उठून पलीकडच्या काठाला जातो आणि मागून येणाऱ्यांचीही निराशा होते.

निघायचे कधी, याबद्दल बहुतेकांचा आग्रह पहाटेचा असतो. तो सोडून द्यावा. नाशिकला या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि हा रस्ता पूर्वेकडे जातो, म्हणजे पहिला तासभर ऊन थेट डोळ्यांवर. त्यात नदीकाठचे धुके. धुक्यात गाडी हाकण्याचा हिशेब सोपा आहे. ताशी पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर बोटे जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि पुढे गाडी थांबायला आणखी पंधरा-सोळा मीटर लागतात. तीस मीटरपुढचे दिसत नसेल तर पन्नासचा वेग म्हणजे नशिबावर हवाला. आठच्या सुमारास निघाले की धुके विरलेले असते, सूर्य थोडा वर आलेला असतो आणि थंडीची गोडी मात्र तेवढीच असते. पक्षी तेव्हाही पाण्यावर असतातच.

कपड्यांचा मुद्दा वाऱ्याचा आहे. हवा दहा अंशांची असली तरी ताशी पन्नासच्या वेगात उघड्या त्वचेला ती पाच-सहा अंशांसारखी लागते, कारण शरीराभोवतीचा ऊबदार हवेचा पातळ थर वारा सतत काढून नेत असतो. नुसता लोकरी स्वेटर म्हणूनच पुरत नाही. वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. आत लोकर आणि वर वारा अडवणारे जाकीट किंवा विंडचीटर, हा क्रम. जाकीट नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची चार पाने घालण्याची जुनी युक्ती अजूनही उत्तम चालते. जीन्स वारा अडवत नाही, तेव्हा आतून थर्मल घालावी, गुडघे वाचतात. हातमोजे असे हवेत की क्लच आणि ब्रेकच्या दांड्या बोटांना नीट जाणवतील. मफलर, शाल, ओढणी यांची टोके जाकिटाच्या आत खोचलेली असलीच पाहिजेत. मागे बसणाऱ्याची ओढणी किंवा पदर चाकात अथवा चेनमध्ये अडकून जीवघेणे अपघात होतात, आणि हिवाळ्यात अंगावर असले कापड जास्त असते.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पट्टा हनुवटीखाली आवळलेला. श्वासाच्या वाफेने काच आतून धुरकटते. काच बोटभर उघडी ठेवली की हवा खेळते. आदल्या रात्री आतल्या बाजूला साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या मऊ कापडाने पुसून घेतली तरी बराच फरक पडतो. काळी काच सकाळी नको.

बोटे बधिर झाल्याची पहिली खूण म्हणजे गिअर चुकणे आणि क्लच उशिरा सुटणे. तेव्हा थांबावे, हात काखेत धरावेत, चार पावले चालावे. इंजिनाला किंवा सायलेन्सरला हात लावून शेकण्याची सवय वाईट. बधिर बोटांना चटका वेळेवर कळत नाही. ‘थोडी घेतली की ऊब येते’ हा समजही खोटा. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते. दारू पिऊन गाडी चालवणे कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळेच.

गाडीची तयारी थोडीच असते. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो, तेव्हा जुनी बॅटरी आधीच तपासून घ्यावी. टायरमधली हवा पाच-सहा अंश गारव्यामागे साधारण एक पौंडाने उतरते, म्हणून ती निघण्यापूर्वी, टायर गार असताना मोजावी. कार्बुरेटरच्या गाडीला चोक द्यावा लागतो, इंजेक्शनच्या गाडीला लागत नाही. दोन्ही गाड्या मिनिटभर सुरू ठेवून पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश चालवाव्यात. गाडी जागेवर उभी करून दहा मिनिटे रेस करत बसल्याने पेट्रोल तेवढे जळते आणि शेजारी उठतात.

या भागातल्या रस्त्यावर हिवाळ्यातला सगळ्यात मोठा धोका उसाच्या वाहतुकीचा. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडलेले असतात, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असे नाही आणि उसाची टोके बाजूला हातभर बाहेर आलेली असतात. असा ट्रॅक्टर ओलांडताना हॉर्न द्यावा, ड्रायव्हरचे लक्ष गेल्याची खात्री करावी, आणि दुसऱ्या ट्रेलरच्या पुढेही एखादी मोटारसायकल चालली असेल असे धरून चालावे. ट्रेलरच्या अगदी मागे लागून राहू नये. आचके बसले की मोळ्या सुटतात. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या चाकांबरोबर चिखल येतो, दव पडले की तो शेवाळासारखा निसरडा होतो. अशा पट्ट्यावर गाडी सरळ ठेवावी, वळणावर पुढचा ब्रेक टाळावा. गावाच्या वेशीवरचे बिनपट्ट्याचे गतिरोधक आणि उन्हात रस्त्यावरच पहुडलेली कुत्री, ही दोन्ही गृहीतच धरलेली बरी.

न्याहारी जाताना नको, धरणावरून परतताना करावी. नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ आणि वर पापड पोटात गेल्यावर अंगात ऊब येते तशी पेंगही येते, म्हणून लगेच गाडीवर न बसता वीस-पंचवीस मिनिटे उन्हात काढावीत. बारापर्यंत निघाले की सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांना त्रास नाही. या वेळेपर्यंत अंगावरचे थर जड वाटू लागतात. स्वेटर काढावा, जाकीट काढू नये. पडलो तर कातडी वाचवणारे तेच असते.

घरी आल्यावर चाकांवरचा आणि चेनवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसून चेनला तेल द्यावे. चेन गरम असताना तेल कड्यांच्या आत नीट शिरते. सकाळपर्यंत ठेवले तर चिखल वाळून घट्ट बसलेला असतो आणि मग ब्रशने घासावे लागते.