सिंधूचा त्याग

विदर्भात, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी नाटककार राम गणेश गडकरी वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात त्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक रंगभूमीवर आणलं. सिंधू झाले होते बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस.

सुधाकर बुद्धिमान वकील. अपमान जिव्हारी लागतो, दारुडा तळीराम प्याला पुढे करतो आणि संसार उताराला लागतो. त्याच्या बायकोचं, सिंधूचं, माहेर सधन, तरी ती नवऱ्याला सोडून जात नाही. दळणं दळून पोट भरते. दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्हं मूल जातं, तीही जबर जखमी होते. मरतानासुद्धा फौजदारासमोर ती त्याचं नाव घेत नाही.

सिंधूचं प्रेम खरं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या त्यागानं ना मूल वाचलं, ना ती, ना सुधाकर. शेवटी तोही विष घेतो. आपण तिच्यासाठी रडतो आणि तळीरामाच्या बायकोला, गीताला, विसरतो. तीही दारुड्याचीच बायको, पण दारूला आणि नवऱ्याला तोंडावर बोल लावणारी. गडकऱ्यांनी या दोघींना एकाच नाटकात उभं केलं. आजच्या बाईनं हे नाटक वाचताना गीताचे संवादही तितक्याच लक्षपूर्वक वाचावेत, असं मला मनापासून वाटतं.